जुन्या पद्मिनीचं छत गंजलंय? पत्रा वाचवायचा की बदलायचा?

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं छत बहुतेकदा कडेच्या पन्हळीपासून गंजतं. तिथे पत्र्यांचा सांधा असतो. त्यातलं सीलंट तडकलं की पाणी आत मुरतं. वर कॅरिअर असेल तर त्याचे क्लॅम्प नेमके याच पन्हळीवर बसतात आणि रंग खरवडतात. बीडजवळच्या पालीसारख्या कोरड्या भागात गंज मुंबईपेक्षा सावकाश चढतो, इतकाच फरक.

आधी छतावर लोहचुंबक फिरवा. तो चिकटत नसेल तिथे लांबीचा जाड थर आहे. खाली पत्रा उरला असेलच असं नाही.

गंज वरवरचा असेल तर चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासून इपॉक्सी प्रायमर आणि रंग पुरतो. आरपार भोक असेल तर लांबी भरून काही होत नाही. कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. छताचा पत्रा मोठा आणि पातळ असल्याने उष्णतेने त्यावर लाटा उठतात. म्हणून मिग वेल्डिंगचे छोटे टाके, अंतर सोडून. त्याआधी आतलं कापड काढाच, ते पेट घेतं.

अख्खं छत बदलणं शेवटचा उपाय. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, त्यामुळे कापण्याआधी बॉडीला आतून आधार द्यावा लागतो. शिवाय 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते; बॉडी शेलमध्ये फेरफार चालत नाही. नवा पत्रा मूळ आकाराचाच बसवा. सनरूफ नको.