तारेपासून फंक्शनपर्यंत : चाचणी-उपकरणांच्या सामाईक नियंत्रणाचा इतिहास

व्होल्टमीटर, ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर यांसारखी इलेक्ट्रॉनिक मोजमापाची उपकरणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी माणसाच्या हातानेच चालत असत. तंत्रज्ञ खटके फिरवून पल्ला निवडी, तबकडीवरचा काटा वाची आणि आकडा नोंदवहीत उतरवून घेई. रडार, विमानातील यंत्रणा आणि टेलिफोन केंद्रे यांची जटिलता वाढत गेली, तशी एकाच वस्तूवर शेकडो मोजमापे ठरलेल्या क्रमाने आणि न चुकता करण्याची गरज निर्माण झाली, आणि हे काम संगणकाकडे सोपवणे अपरिहार्य ठरले. मात्र उपकरणे अनेक कंपन्यांची असत आणि संगणकाशी बोलण्याची प्रत्येकीची रीत वेगळी असे. हा अडसर दूर करण्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी सुमारे तीन दशके टप्प्याटप्प्याने करार केले. आधी जोडणीच्या तारेवर, मग संदेशाच्या रचनेवर, त्यानंतर आज्ञेच्या शब्दांवर आणि अखेरीस ‘ड्रायव्हर’वर, म्हणजे उपकरण आणि आज्ञावली यांच्यामध्ये उभ्या असलेल्या मध्यस्थ सॉफ्टवेअरवर, एकमत झाले. या इतिहासाचे सूत्र असे, की प्रत्येक कराराने एक मतभेद मिटवला आणि त्याच्याखाली दडलेला पुढचा मतभेद उघडा पाडला.

पहिला करार तारेचा होता. अमेरिकेतील ह्युलेट-पॅकार्ड या कंपनीने 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याच उपकरणांसाठी एक सामाईक जोडणी विकसित केली, आणि अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे आयईईईने, 1975 मध्ये तिला 488 या क्रमांकाचे मानक म्हणून मान्यता दिली. मूळ कंपनी तिला एचपीआयबी म्हणत असे. इतर उत्पादकांनी जीपीआयबी हे नाव रूढ केले. संगणक धरून 15 साधने या जोडणीवर एकत्र बसू शकत, आणि केबलची एकूण लांबी 20 मीटरच्या आत ठेवावी लागे. तिच्यात माहितीसाठी 8, व्यवस्थापनासाठी 5 आणि देवघेवीच्या समन्वयासाठी 3 अशा एकूण 16 संकेत-तारा होत्या. या योजनेचे खरे कौशल्य शेवटच्या 3 तारांत होते. बोलणारे साधन ‘माहिती तयार आहे’ असे एका तारेवर जाहीर करी, तर ऐकणारी साधने ‘अजून तयारी नाही’ आणि ‘अजून स्वीकारली नाही’ हे दोन संकेत उरलेल्या तारांवर धरून ठेवत. सर्वांत मंद साधनाने आपला संकेत सोडल्याखेरीज पुढचा अक्षर-संकेत पाठवला जात नसे. त्यामुळे वेगवान संगणक आणि संथ व्होल्टमीटर एकाच केबलवर, एकमेकांचा वेग आधी ठाऊक नसताना, बिनचूक काम करू शकत.

तथापि या मानकाने अक्षरे कशी पोचवायची एवढेच ठरवले होते; त्या अक्षरांचा अर्थ काय, हे ज्याच्या त्याच्यावर सोडले होते. परिणाम काय झाला, हे 1980 च्या दशकातील दोन लोकप्रिय मल्टिमीटरांवरून दिसते. ह्युलेट-पॅकार्डच्या 3478ए आणि फ्लूकच्या 8840ए या दोन्ही उपकरणांना ‘एफ1’ ही आज्ञा दिली, की ती एकदिश विद्युतदाब मोजू लागत, आणि एवढ्यावरून त्यांची भाषा एकच आहे असे वाटू शके. परंतु ‘आर0’ या आज्ञेचा अर्थ फ्लूकच्या उपकरणात ‘योग्य पल्ला स्वतःच निवड’ असा होता, तर ह्युलेट-पॅकार्डच्या उपकरणात तीच आज्ञा पल्ला 3 व्होल्टवर कायम करी. अशा ठिकाणी एक मीटर काढून दुसरा बसवला तर आज्ञावली थांबत नसे, ती चालूच राहून वेगळ्याच पल्ल्यावर मोजमाप करी. आणि उघडपणे थांबणाऱ्या बिघाडापेक्षा असा मूक बिघाड शोधणे फार कठीण असते.

म्हणून 1987 मध्ये मूळ मानकाला 488.2 या दुसऱ्या भागाची जोड मिळाली. त्यात संदेश कोठे संपतो, आकडे कोणत्या रूपात लिहावेत आणि चूक झाल्यास उपकरणाने ती कशी कळवावी यांचे नियम होते, तसेच प्रत्येक उपकरणाला समजल्याच पाहिजेत अशा काही सामाईक आज्ञाही होत्या. तारांकन, ‘आयडीएन’ ही तीन अक्षरे आणि प्रश्नचिन्ह एवढे पाठवले, की कोणतेही उपकरण निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक आणि अंतर्गत सॉफ्टवेअरची आवृत्ती ही चार माहितीपदे स्वल्पविरामांनी विलग करून परत पाठवी. यंत्राने स्वतःची ओळख सांगण्याची ही रीत आजही प्रयोगशाळांमध्ये वापरात आहे. त्यापाठोपाठ 1990 मध्ये उत्पादकांच्या एका समूहाने स्कपी या नावाने ओळखला जाणारा आज्ञासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात ‘एफ1’सारख्या सांकेतिक अक्षरांऐवजी ‘मेझर’, ‘व्होल्टेज’, ‘डीसी’ असे पूर्ण शब्द शाखा-उपशाखांच्या क्रमाने मांडले होते, जेणेकरून आज्ञा वाचणाऱ्याला उपकरणाच्या पुस्तिकेशिवायही तिचा हेतू कळावा.

जुन्या आणि नव्या पद्धतींमधील संक्रमण किती नाजूक होते, याचा पुरावा ह्युलेट-पॅकार्डने 1990 च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणलेल्या 34401ए या मल्टिमीटरमध्ये मिळतो. त्याची मुख्य भाषा स्कपी होती. तरीही 3478ए आणि प्रतिस्पर्धी फ्लूकच्या 8840ए यांच्या जुन्या आज्ञाही त्याला समजाव्यात, अशी सोय त्यात केली होती. जुन्या भाषेत लिहिलेल्या असंख्य चाचण्या कारखान्यांतून चालू होत्या आणि त्या नव्याने लिहिण्याचा खर्च नव्या मीटरच्या किमतीहून जास्त ठरू शके. उपकरण झिजते, कालबाह्य होते आणि बदलावे लागते, पण त्याला चालवणारी आज्ञावली मागे उरते. प्रमाणीकरणामागचे खरे आर्थिक कारण हेच होते.

ड्रायव्हरची निकड मात्र दुसऱ्या दिशेने आली. 1987 मध्ये पाच अमेरिकी उत्पादकांनी व्हीएक्सआय ही रचना मांडली, जिच्यात उपकरण म्हणजे एका सामाईक चौकटीत सरकवायचे कार्ड असे आणि त्याला बटणे किंवा पडदा असा दर्शनी भागच नसे. त्यांपैकी अनेक कार्डे शब्दांच्या आज्ञा घेतच नसत. संगणकाला त्यांच्या रजिस्टरांमध्ये, म्हणजे अंतर्गत स्मृतीच्या ठरावीक कप्प्यांमध्ये, थेट संख्या लिहाव्या लागत. अशा उपकरणापुढे स्कपीची शब्दसंपदा निरुपयोगी होती आणि सॉफ्टवेअर हाच त्याचा एकमेव दर्शनी भाग होता. याच काळात नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या टेक्सासमधील कंपनीने 1986 मध्ये लॅबव्ह्यू हे चित्ररूप प्रोग्रॅमिंगचे साधन आणले आणि उपकरणांसाठी तयार ड्रायव्हर पुरवण्याची प्रथा रुजवली. पुढे 1993 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएक्सआय प्लग अँड प्ले या संघटनेने ड्रायव्हरची घडण ठरवून दिली : प्रत्येक ड्रायव्हरमध्ये उपकरण सुरू करणे, मूळ स्थितीत आणणे, स्वतःची तपासणी करवणे, चूक विचारणे आणि संपर्क बंद करणे यांसाठी ठरावीक फंक्शने असलीच पाहिजेत. या ड्रायव्हरांच्या खाली व्हिसा हा सामाईक संपर्क-थर बसवण्यात आला, ज्यामुळे उपकरण जीपीआयबी, व्हीएक्सआय किंवा सिरियल जोडणीपैकी कशावर आहे याची काळजी आज्ञावली लिहिणाऱ्याला उरली नाही. यूएसबी आणि इथरनेटही पुढे याच थरात सामावले गेले.

एवढे झाल्यावर उरला तो सर्वांत अवघड प्रश्न, म्हणजे एका कंपनीच्या उपकरणाच्या जागी दुसरीचे बसवूनही आज्ञावलीला हात लावावा लागू नये. लष्करी विमाने कित्येक दशके सेवेत राहतात, तर त्यांची चाचणी करणारी उपकरणे काही वर्षांतच बाजारातून नाहीशी होतात, आणि म्हणून या क्षेत्रात ही मागणी जोरकस होती. हवाई वाहतूक कंपन्यांनी घडवलेल्या ॲटलस या चाचणी-भाषेने त्याआधीच एक मार्ग दाखवला होता. तिच्यात कोणते उपकरण वापरायचे हे न सांगता कोणता संकेत द्यायचा आणि काय मोजायचे एवढेच लिहिले जाई. 1998 मध्ये स्थापन झालेल्या आयव्हीआय फाउंडेशनने तेच उद्दिष्ट ड्रायव्हरच्या पातळीवर हाती घेतले आणि उपकरणांचे मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय, फंक्शन जनरेटर, स्विच असे वर्ग पाडून प्रत्येक वर्गासाठी एकच फंक्शन-संच निश्चित केला. ऑसिलोस्कोपच्या वर्गात तरंगरूप पकडणे आणि संकेताच्या कडेवर मोजणी सुरू करणे हे मूलभूत गुण मानले गेले, तर ग्लिच, म्हणजे क्षणभराचा अनाहूत स्पंद, ओळखण्यासारख्या खास क्षमता ऐच्छिक विस्तारात ठेवल्या गेल्या. याखेरीज आज्ञावलीत आधीच पाठवलेले मूल्य पुन्हा न पाठवण्याची आणि प्रत्यक्ष उपकरण नसतानाही आज्ञावली चालवून पाहण्याची सोय या ड्रायव्हरांत होती.

या प्रयत्नाची मर्यादाही त्याच्या रचनेतच आहे. दोन ऑसिलोस्कोप एकाच फंक्शनला उत्तर देत असले, तरी त्यांची बँडविड्थ, गोंगाट, स्थिरावण्याचा वेळ आणि सरासरी काढण्याची रीत वेगळी असते, आणि त्यामुळे आलेला आकडा तंतोतंत तोच असेल याची हमी ड्रायव्हर देऊ शकत नाही. शिवाय ग्राहक नवे उपकरण घेतो ते बहुधा त्याच्या विशेष गुणांसाठी, आणि तेच गुण सामाईक वर्गाच्या बाहेर राहतात. परिणामी अनेक अभियंते आजही पायथनसारख्या भाषेतून व्हिसाच्या आधारे थेट स्कपी आज्ञा पाठवणे पसंत करतात. तरीही एकत्रीकरणाचे काम थांबले नाही : व्हीएक्सआय प्लग अँड प्ले आणि स्कपी यांची जबाबदारी 2000 च्या दशकाच्या आरंभी आयव्हीआय फाउंडेशनकडे आली, आणि 2004 मध्ये सुरू झालेल्या एलएक्सआय या इथरनेटवर आधारित उपकरण-मानकाने आयव्हीआय ड्रायव्हर पुरवणे हीही एक अट ठेवली.

या साऱ्या प्रवासाचे मूल्यमापन पूर्ण अदलाबदल साधली की नाही, एवढ्या एकाच निकषावर करणे अन्यायाचे होईल. बाजारात परस्परांचे ग्राहक ओढणाऱ्या कंपन्यांचे अभियंते समित्यांमध्ये एकत्र बसले आणि कोणत्या गोष्टी सर्वांनी सारख्याच कराव्यात व कोणत्या ज्याच्या त्याच्याकडे सोडाव्यात, याची सीमारेषा त्यांनी लिखित स्वरूपात आखली. 3478ए आणि 8840ए यांच्या काळात तीच रेषा कोठे आहे हे चुकीचा आकडा हाती आल्यावरच कळत असे. मोजमापावर ज्याचा विश्वास उभा आहे, अशा प्रत्येक कारखान्याला आणि प्रयोगशाळेला ती रेषा आधीच ठाऊक असणे, ही या मानकांची सर्वांत टिकाऊ देणगी आहे.