कल्हई गेली, तांबं राहिलं

मराठवाड्यात अ‍ॅल्युमिनियमला 'जर्मन' म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. बोलणाऱ्याच्या मनात जर्मनी देश नसतो, फक्त हलकं, स्वस्त आणि लवकर पोचे पडणारं भांडं असतं. आमच्या मुखेडच्या जुन्या घरात हे जर्मन होतं, लोखंडी तवा होता, लोणच्याला चिनी मातीच्या बरण्या होत्या, दुधा-दह्याला मातीची गाडगी होती, पाहुण्यांना चहा द्यायला तामचिनीचे कप होते, म्हणजे आजच्या भाषेत इनॅमलचे. आणि या सगळ्यांच्या वर मान तांब्याचा. आता शहरातल्या इंटिरियरवाल्यांकडून कळतं की स्वयंपाकघरात एकच धातू ठेवू नये, तीन-चार धातू आणि पोत मिसळावेत, त्याने 'व्हिंटेज' रूप येतं. आमच्याकडे ते मिसळलेलंच होतं, पण रूपासाठी नव्हे. ज्या कामाला जे चालतं, ते तिथे.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत एक निरीक्षण वारंवार येतं: हिंदूंच्या घरी पितळ, मुसलमानांच्या घरी कल्हई केलेलं तांबं. पाण्याचा तांब्या बिनतोटीचा की तोटीचा, यावरूनही घर ओळखता येई. तोटीचा तो आमचा बधना, वजूसाठी. हे निरीक्षण ढोबळ आहे. हंडे, घंगाळं, पाणी तापवायचे बंब हिंदू घरांतही तांब्याचेच असत. पण रांधायच्या भांड्यांपुरतं त्यात तथ्य आहे, आणि त्याला धर्माइतकंच स्वयंपाकाचंही कारण आहे. तांबं पितळेच्या तिपटीहून अधिक वेगाने उष्णता पसरवतं. मंद आचेवर तासन्‌तास शिजणाऱ्या देगला तेच हवं. मात्र दख्खनी मुसलमानांचं जेवण आंबट. दालचा असो की बगारा बैंगन, चिंच लागतेच. आंबट पदार्थ उघड्या तांब्याला लागला की बिघडतो. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, कळकणे. कळकलेलं ताक ज्याने एकदा तोंडात घेतलं त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. नुसत्या चवीचाच प्रश्न नाही, असं अन्न पोटात गेलं तर उलट्या होतात.

म्हणून कल्हई. मूळ शब्द अरबी, 'कलई', म्हणजे कथील. कथील 232 अंश सेल्सियसला वितळतं, तांबं हजाराच्याही पुढे. या फरकावरच सगळा धंदा उभा होता. कल्हईवाला गल्लीत यायचा, जमिनीत छोटा खड्डा करून त्यात कोळसे पेटवायचा, भाता ओढायचा. भांडं आधी वाळूने घासून स्वच्छ, मग आगीवर तापवून त्यात नवसागराची पूड. भसकन पांढरा धूर निघायचा आणि नाकात झोंबायचा. त्यावर कथलाची कांडी टेकवली की ती वितळायची. मग कापसाच्या बोळ्याने हात झपाझप फिरवायचा, आणि तपकिरी पोटात चंद्रासारखं रुपेरी अस्तर चढायचं. बाहेर लालसर, आत रुपेरी. दोन रंगांचं खरं भांडं हेच.

या एका भांड्याला किती हात लागत ते पाहण्यासारखं आहे. पत्रा ठोकून आकार देणारा तांबट, विकणारा कासार, आणि वर्ष-सहा महिन्यांनी अस्तर नवं करणारा कल्हईवाला. आमच्या भागात पहिले दोघे बहुधा हिंदू, तिसरा बराचसा मुसलमान. तांबटाचं काम एकदाच, कल्हईवाल्याचं पुन्हा पुन्हा. त्याच्याशिवाय भांडं वापरण्याजोगं राहत नसे.

शेजारच्या बिदरने तर मिश्र धातूंची ही कला आणखी पुढे नेली. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतायचं, वर चांदीची तार ठोकायची आणि किल्ल्यातल्या मातीने पृष्ठभाग काळा करायचा. चांदी काळी पडत नाही. आज 'मॅट ब्लॅक' म्हणून जो नळ महाग विकतात त्याला बिदरीच्या पानदानाशेजारी ठेवून बघावं.

उजेडाचंही असंच. माळवदाच्या घराला छतात साणं असे. त्यातून दिवसा उजेडाचा एकच झोत खाली यायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. संध्याकाळी चुलीचा जाळ खालून, दिवळीतल्या चिमणीचा उजेड बाजूने, आणि ऐपत असेल तर खुंटीला कंदील. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील घराघरांत पोचला होता. तांब्याची भांडी सुंदर दिसत ती या खालच्या, हलत्या, पिवळ्या उजेडात. छताच्या मधोमध लावलेल्या पांढऱ्या ट्यूबखाली तेच तांबं निर्जीव दिसतं. सजावटकार आता 2700 केल्व्हिनचे बल्ब लावा म्हणतात, ते बरोबरच आहे. पण ते सगळे छताला टांगतात. एखादा दिवा ओट्याच्या उंचीवर, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून बघा.

माळवद मात्र परत आणण्याची हौस कुणी करू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीचं जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो गेले. त्यानंतर आमच्याकडेही लोक स्लॅबच्या मागे लागले आणि साणं बुजलं. त्याबद्दल मला हळहळ वाटत नाही.

तांबं मात्र त्याच्या आधीच निघून गेलं होतं. रझाकारांच्या जुलमांनंतर सप्टेंबर 1948 मध्ये पोलिस अ‍ॅक्शन झाली, आणि पाठोपाठ मुसलमानांच्या वस्त्यांवर हल्ले आणि लूट झाली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने सर्वाधिक हानी झालेले जिल्हे नोंदवले त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड होते. आमच्या घरातल्या बायका त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नसत. बोलल्या तर भांड्यांबद्दल बोलत: अमुक लगन गेलं, तमुक देग गेली. माणसांबद्दल बोलण्यापेक्षा ते सोपं असावं. उरलेलं पुढे बहात्तरच्या दुष्काळात मोडीत गेलं. त्यानंतर स्टील आलं. न कळकणारं, कल्हई न लागणारं, घासायला सोपं. बायकांनी ते आनंदाने घेतलं आणि मी त्यांना दोष देणार नाही. राखेने तांबं घासणारे हात त्यांचे होते. मात्र गल्लीतला भाता त्यानंतर थंडावला.

आता ती मोडीतली भांडी मुंबईच्या चोर बाजारातून आणि ऑनलाइन दुकानांतून परत येताहेत. माझ्या भाचीने पुण्यातल्या नव्या स्वयंपाकघरासाठी असं एक देगचं घेतलं आणि फोटो पाठवला. "मामू, चमक देखो!" चमक खरंच डोळे दिपवणारी होती, कारण ते मशीनवर बफ केलेलं होतं. जुन्या भांड्यांच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असे, कुणाचं मोडी-देवनागरीत, आमच्याकडच्यांचं उर्दूत. निजामी राज्यात सरकारी भाषाच ती. कधी आहेर देणाऱ्याचंही नाव असे. बफिंगच्या चाकाखाली पहिल्यांदा हीच अक्षरं जातात. फोटो मोठा करून पाहिला तर काठाशी एक पुसट 'बिन' तेवढा लागला. अमुक बिन तमुक, पण अमुक कोण आणि तमुक कोण, ते गेलं.

तिला मी तीन गोष्टी कळवल्या. यापुढचं भांडं घेशील ते न घासलेलं, काळवंडलेलं घे. चिंच आणि लिंबाने हाताने उजळ, अक्षरं राहतील. आत कल्हई नसेल तर त्यात खायचं काही ठेवू नकोस, दही-लोणचं तर मुळीच नको, फुलं ठेव. आणि रांधायचंच असेल तर कल्हई करून घे, मग रिकामं भांडं गॅसवर ठेवू नकोस, अस्तर वितळेल. आधी तेल, मग आच.

कल्हईवाला कुठे मिळेल, हे तिने विचारलं. मी म्हटलं, मशिदीत चौकशी कर. जिथे जमातीच्या देगा आहेत तिथे शादीच्या मोसमाआधी कुणीतरी अजून येतो.