सेल्फीच्या मागचं घर: फोटो इंपोर्ट आणि प्लग-इनचा छोटा इतिहास

कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर... जिथून कुठून ऐकत असाल, आजचा विषय तुमच्या खिशातच आहे. फोनमधले फोटो. कॅमेऱ्यातला फोटो कम्प्युटरवर घेणं, म्हणजे इंपोर्ट, आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे प्लग-इन, यांची गोष्ट आज ऐकू.

आता यात एवढं काय आहे? तर इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यातल्या या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोधकार्य थांबवावं लागलं. इर्शाळगडाची वाट याच वाडीतून जायची. म्हणजे त्याआधी जे जे ट्रेकर वर गेले, त्यांच्या फोटोंत कुठेतरी मागे वाडी आहे. एखादं अंगण, एखादी पडवी. तुमच्या सेल्फीच्या मागचं ते घर आज इतिहासाचा पुरावा आहे. पण कधी? त्या फोटोची तारीख आणि जागा त्याच्यासोबत टिकली असेल, तर.

रोलच्या काळात तारीख फोटोच्या मागे पेनाने लिहायचे. डिजिटल कॅमेऱ्यात ते काम 'एक्झिफ' करतं. १९९५ साली जपानमध्ये ठरलेली ही पद्धत. तारीख, वेळ, कॅमेरा, आणि पुढे जीपीएसची जागासुद्धा फोटोच्या फाइलमध्येच लिहिली जाते. १९९८ मध्ये आणखी एक नियम आला, 'डीसीएफ'. तुमच्या फोनमध्ये जे 'डीसीआयएम' फोल्डर दिसतं ना, ते तिथून आलंय. फाइलच्या नावात चार अक्षरं आणि चार आकडे. ९९९९ झाले की पुन्हा ०००१! म्हणून दोन वेगळ्या ट्रेकचे फोटो एकाच नावाचे निघतात. एका फोल्डरमध्ये टाकताना घाईत 'रिप्लेस' दाबलं, की जुना फोटो गेला.

आता प्लग-इन. थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांचं फोटोशॉप १९९० च्या फेब्रुवारीत अडोबीने बाजारात आणलं. त्यात बाहेरून तुकडे जोडायची सोय होती. गंमत म्हणजे तेव्हा स्कॅनरमधून फोटो आत घेण्याचं कामही प्लग-इनच करायचे. म्हणजे इंपोर्ट आणि प्लग-इन ही एकाच घरातली भावंडं.

मग फोटो वाढले आणि ते सांभाळायला सॉफ्टवेअर आलं. पिकासा आठवतंय? तुमच्या दादा-ताईला विचारा. २००४ मध्ये गूगलने ते विकत घेतलं आणि फुकट दिलं. त्यात केलेले बदल फोल्डरमधल्या एका लपलेल्या छोट्या फाइलमध्ये राहायचे. बदल सेव्ह न करता नुसते फोटो दुसऱ्या डिस्कवर नेले, तर केलेली मेहनत मागेच राहायची. २०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद केलं.

२००७ मध्ये लाइटरूम आलं. त्याचा कॅटलॉग म्हणजे आपला सातबारा समजा. जमीन जागेवरच असते, उतारा फक्त ती कुठे आहे आणि तिच्यावर काय नोंदी आहेत ते सांगतो. फोटोचं फोल्डर परस्पर हलवलंत, की कॅटलॉगला ते सापडत नाही. आणि कॅटलॉगचा बॅकअप घेतला म्हणजे फोटोंचा बॅकअप झाला, असं अजिबात नाही.

प्लग-इनचं नशीब तर त्याहून कच्चं. तुमचं लाडकं स्नॅपसीड ज्या निक कंपनीने बनवलं, तिचे फोटोशॉपचे प्लग-इन फार नावाजलेले होते. २०१२ मध्ये गूगलने कंपनी घेतली, मार्च २०१६ मध्ये ते प्लग-इन फुकट केले, पुढच्या वर्षी डीएक्सओ या फ्रेंच कंपनीला विकले, आणि नंतरच्या नव्या आवृत्त्यांना परत पैसे. शिवाय ३२ बिटची सॉफ्टवेअर ६४ बिटची झाली, तेव्हा कितीतरी जुने प्लग-इन उघडेनासे झाले.

यातून एक गोष्ट कळते. सॉफ्टवेअर येतं, विकलं जातं, बंद पडतं. मूळ फोटो आणि त्याची तारीख मात्र आपणच सांभाळायची.

आज आपल्याकडे ही तारीख सगळ्यात जास्त कुठे हरवते? व्हॉट्सअॅपवर. तिथे फोटो म्हणून पाठवलं की आतली तारीख आणि जागा पुसली जाते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते, ती पाठवल्याची, काढल्याची नाही. २०१५ चा इर्शाळगड आज ग्रुपवर आला, की तो आजचाच दिसतो.

म्हणून एवढं करा. जुना फोटो पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मात्र जीपीएससुद्धा सोबत जातं, म्हणून ओळखीच्या माणसालाच. इंपोर्ट करताना तारीख आणि जागेच्या नावाचं फोल्डर करा, '२०१५-०८ इर्शाळगड' असं. एडिट कॉपीवर करा, मूळ फोटोला हात लावू नका. आणि सगळं दोन ठिकाणी ठेवा.

ट्रेकच्या ग्रुपमध्ये ज्याच्याकडे जुना कॅमेरा होता, त्याला आज एक मेसेज टाका. मेमरी कार्ड अजून ड्रॉवरमध्ये पडलेलं असेल. वाडीतली जी मंडळी आता नव्या घरांत राहतात, त्यांच्यापैकी कुणाला त्यात आपलं जुनं दार दिसू शकतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!