गीतरामायण : अनेक कंठांतून एका कंठात

पेठ वडगाव - संगीतकाराने दुसऱ्या गायकासाठी बांधलेले गीत पुढे स्वतःच गाऊन ध्वनिमुद्रित केले, तर ते गीत तेच राहते काय? जपानी संगीतात या प्रकाराला 'सेल्फ कव्हर' असे स्वतंत्र नाव आहे. गायिका व गीतकार मारिया ताकेउची यांनी अकिना नाकामोरी आदी गायिकांसाठी लिहिलेली गीते १९८७ च्या 'रिक्वेस्ट' या संग्रहात स्वतः गायिली. रिंगो शिना यांनी तर २०१४ मधील अशा संग्रहाला 'उलट आयात' या अर्थाचेच नाव दिले. मराठीत असे नाव रूढ नाही. उदाहरण मात्र घरोघरी पोहोचलेले आहे. ते म्हणजे 'गीतरामायण'.

पेठ वडगावहून जवळच असलेल्या कोल्हापुरात २५ जुलै १९१९ रोजी जन्मलेले सुधीर फडके हे या गीतांचे संगीतकार. मूळ नाव राम फडके. गायनाचे प्रारंभिक शिक्षण त्यांनी कोल्हापुरातच वामनराव पाध्ये यांच्याकडे घेतले. गीतकार ग. दि. माडगूळकर यांचा जन्मही १९१९ चाच. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ही मालिका आकारास आली. रामनवमीच्या दिवशी, १ एप्रिल १९५५ रोजी पहिले गीत प्रसारित झाले आणि दर आठवड्यास एक याप्रमाणे पुढील रामनवमीपर्यंत गीते सादर झाली. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली.

मूळ योजना नाट्याची होती. राम, सीता, कौसल्या, दशरथ, भरत अशी पात्रे आपापल्या भावना गाऊन व्यक्त करतात. त्यामुळे आवाजही निरनिराळे निवडले गेले. रामाची गीते स्वतः फडके यांनी, तर सीतेची गीते प्रामुख्याने माणिक वर्मा यांनी गायिली. कौसल्येसाठी ललिता फडके यांचा आवाज होता. वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर यांचाही सहभाग होता. वनात सोडल्या गेलेल्या सीतेचे लक्ष्मणाला उद्देशून असलेले गीत लता मंगेशकर यांनी गायिले.

पुढे फडके यांनी या गीतांचे जाहीर कार्यक्रम सुरू केले आणि एचएमव्हीसाठी सर्व ५६ गीते आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. ध्वनिमुद्रिका, नंतर कॅसेट आणि सीडी यांतून हीच गीते सर्वदूर पोहोचली. परिणामी आज 'गीतरामायण' म्हटले की बहुतेकांच्या कानी 'बाबूजीं'चाच स्वर येतो. मूळचा बहुस्वरी आविष्कार मागे पडला.

हा बदल केवळ आवाजापुरता नाही. स्त्रिया साधारणतः काळी चार वा पाच या पट्टीत गातात. पुरुषांची पट्टी काळी एक ते तीनच्या आसपास असते. म्हणजे सीतेचे गीत पुरुषकंठात येताना स्वर खाली उतरतो आणि तारसप्तकातील आर्ततेची जात बदलते. माणिक वर्मांच्या गायनात ऐकणाऱ्यास सीता स्वतः बोलताना भेटते. फडके यांच्या गायनात सीतेचे दुःख कोणी जाणता सांगत आहे, असे वाटते. नाट्य उणावते, निवेदन वाढते.

लाभही तितकाच मोठा आहे. चाल बांधताना कोणत्या शब्दावर थांबावे, कोणत्या अक्षरावर भार द्यावा, हे संगीतकाराच्या मनात ठरलेले असते. फडके यांचा स्पष्ट शब्दोच्चार हा त्यांच्या गायकीचा विशेष. त्यामुळे माडगूळकरांचे प्रत्येक अक्षर ऐकणाऱ्याच्या पदरी पडते. शिवाय ५६ गीतांतून एकच आवाज वाहत असल्याने सुटी गीते एका अखंड कथेत ओवली जातात.

मालिकेची रचना पाहिली, तर या एकस्वरी आविष्काराला मूळ कथेतच आधार सापडतो. पहिल्या गीतात कुश आणि लव श्रीरामांसमोर रामायण गातात. ते दोन कुमारही राम, सीता, दशरथ, हनुमान या सर्वांच्या व्यथा आपल्याच कंठातून मांडतात. खेडोपाडी कीर्तनकारही हेच करीत आले आहेत. आकाशवाणीने पात्रांना आवाज दिले. फडके यांनी ती कथा पुन्हा कथेकऱ्याच्या स्वाधीन केली.

२९ जुलै २००२ रोजी फडके यांचे निधन झाले. त्यांच्या आवाजातील गीते सहज उपलब्ध आहेत. परंतु मूळ गायक-गायिकांच्या आवाजातील गीत मिळाले, तर तेही आवर्जून ऐकावे. एकाच चालीत दोन वेगळी रामायणे दडली आहेत, हे त्याशिवाय उमगत नाही.