युरोस्पाय: बाँडच्या सावलीतले इटालियन हेरपट

जेम्स बाँडच्या यशानंतर १९६०च्या दशकात युरोपात अल्प खर्चाच्या हेरपटांची जी लाट आली, तिला ‘युरोस्पाय’ म्हणतात. ‘डॉ. नो’ (१९६२) आणि ‘गोल्डफिंगर’ (१९६४) यांनी तिला चालना दिली. तिचा बहर मुख्यतः १९६५ ते १९६७ या काळातला आणि तिचे प्रमुख केंद्र इटली.

एखाद्या विषयाला प्रेक्षक लाभला की तो आटेपर्यंत त्यावर चित्रपट काढत राहणे, ही इटालियन चित्रव्यवसायाची जुनी रीत होती. अशा प्रवाहाला तेथे ‘फिलोने’, म्हणजे खाणीतील धातूची शिर, असे म्हणत. ‘हर्क्युलिस’च्या (१९५८) यशानंतर पौराणिक वीरांची शिर खणली गेली होती, हेरपट ही तशीच पुढची शिर ठरली.

निर्मितीची व्यवस्था काटकसरीची होती. फ्रान्स, स्पेन किंवा पश्चिम जर्मनीतील निर्मात्यांशी भागीदारी केल्याने खर्च वाटला जाई आणि चित्रपटाला प्रत्येक भागीदार देशात स्वदेशी दर्जा मिळे. संवाद चित्रीकरणानंतर ध्वनिमुद्रित होत असल्याने विविध भाषांचे नट एकाच दृश्यात वावरू शकत. नायक बहुधा अमेरिकन असे आणि इटालियन दिग्दर्शकही इंग्रजी नावे धारण करीत. ‘एजंट ०७७’ या मालिकेत केन क्लार्कला नायक करणारे सेर्जो ग्रिएको ‘टेरेन्स हॅथवे’ या नावाने वावरले.

नायकांचे क्रमांक ००७च्या आसपास घुटमळत. उंबेर्तो लेन्झी यांच्या १९६५च्या चित्रपटातील ००८ ही मात्र स्त्री हेर होती. त्याच वर्षी ‘जेम्स टाँट’ या नावाने बाँडचे विडंबनही पडद्यावर आले. तथापि या लाटेतील प्रत्येक हेर बाँडची नक्कल नव्हता. फ्रेंच–इटालियन सहनिर्मितीतून गाजलेला ‘ओएसएस ११७’ हा झाँ ब्रूस यांचा नायक १९४९ पासून कादंबऱ्यांत होता. बाँडची पहिली कादंबरी १९५३ची.

अस्सल आणि नक्कल यांतील सीमारेषा सर्वाधिक पुसट केली ती आल्बेर्तो दे मार्तिनो दिग्दर्शित ‘ओके कॉनरी’ने (१९६७). त्याचा नायक शॉन कॉनरीचा धाकटा भाऊ नील हा अभिनेता नव्हे, तर एडिंबरामध्ये गिलाव्याचे काम करणारा कारागीर होता. त्याच्याभोवती मात्र खऱ्या बाँडपटांतील मंडळी जमवली होती: डॅनिएला बियांकी, आदोल्फो चेली, अँथनी डॉसन, बर्नार्ड ली आणि लोइस मॅक्सवेल. संगीत एन्नियो मोरिकोने आणि ब्रूनो निकोलाय यांचे होते. अमेरिकेत त्याचे वितरण केले ते युनायटेड आर्टिस्ट्सने, म्हणजे बाँडपटांच्याच वितरकाने. नायकाचा आवाज तेवढा दुसऱ्याचा होता.

दशक सरता सरता ही शिर आटली. सेर्जो लिओने यांच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ने (१९६४) रुजवलेल्या इटालियन वेस्टर्नने निर्मात्यांचे लक्ष वेधून घेतले होते. या चित्रपटांची कथानके साचेबद्ध आणि यंत्रकरामती पुष्कळदा केविलवाण्या होत्या, हे खरेच. परंतु बाँडपटांचा पैसा उसना आणता येत नव्हता. ती उणीव संगीतकार, छायालेखक आणि साहसदृश्ये करणाऱ्यांनी आपल्या कसबाने भरून काढली. त्यामुळेच विस्मरणात गेलेल्या अनेक चित्रपटांचे पार्श्वसंगीत आजही आवडीने ऐकले जाते.