सडपातळ वृद्ध आणि पक्षाघात : मोजमापांचा एक इतिहास

जोयडा तालुका, म्हणजे जुने सुपे, आज कर्नाटकात असला तरी १८६२ पासून १९५६ पर्यंत तो मुंबईच्या कारभाराखाली होता. येथील कुणबी, सिद्दी व धनगर-गवळी वाड्यांतील वृद्ध बहुधा काटक व सडपातळ. अशा माणसाला साखरेचा विकार कसा होईल, हा समज सर्वत्र रूढ आहे. तो का चुकतो, हे पाहण्यासाठी मोजमापांचा इतिहास तपासावा लागतो.

अर्धांगवायू, लकवा, फालिज ही नावे जुनी आहेत. 'पक्षाघात' या शब्दातील 'आघात' अचानकपणा सुचवतो. त्यामागे अनेक वर्षांची पूर्वतयारी असते ही जाणीव मात्र अलीकडची. १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधण्याचे रक्तदाबमापक तयार केले, १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने ऐकण्याची रीत दिली. १९६८ मध्ये तेहरानचे सॅम्युएल रहबर यांनी मधुमेहींच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन दाखवले. आजची 'एचबीए१सी' चाचणी त्यातूनच आली. १९८८ मध्ये अमेरिकेत जेराल्ड रीव्हन यांनी साखर, रक्तदाब व रक्तातील चरबी यांची सांगड घातली.

परंतु लठ्ठपणाच्या मर्यादा प्रामुख्याने पाश्चात्त्य शरीरांवरून ठरल्या होत्या. त्यांना धक्का दिला तो पुण्याने. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच! २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र आले. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. अनेक कोष्टकांपेक्षा हे एक चित्र वर्गात अधिक उपयोगी पडते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंमी व स्त्रियांसाठी ८० सेंमी ठरवली. युरोपीय पुरुषांसाठी ती ९४ आहे.

उतारवयात हा फरक अधिक फसवा होतो. स्नायू झिजतात, चरबी पोटाकडे सरकते आणि वजनकाटा तोच आकडा दाखवतो. अर्थात कंबरेच्या नादात रक्तदाब विसरता कामा नये. पक्षाघाताच्या कारणांत तोच आजही अग्रभागी आहे. मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या पाहणीत प्रथमच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण आढळले, सरासरी वय ६६. त्यांपैकी सुमारे ३० टक्के २८ दिवसांत दगावले.

हे शहरातले. गुठळी विरघळवणारे नेहमीचे औषध साडेचार तासांच्या आत, तेही मेंदूचा स्कॅन झाल्यावर द्यायचे असते. जोयड्याच्या जंगलातील वाडीतून हुबळी किंवा बेळगाव गाठण्यातच त्यातला मोठा वेळ जातो. म्हणून येथे आधीच्या मोजमापाचे मोल अधिक. कंबर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरावी. लुंगी किंवा लुगडे बांधतो ती जागा नव्हे.