बुलढाण्याच्या ताराबाई आणि आपली ग्रंथसूची

बुलढाणा म्हटले की लोक सिंदखेडराजा सांगतात, लोणारचे सरोवर सांगतात. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषी ढोंगाची सालटी काढली, हे सांगणारे मात्र फार थोडे. असे का होते? आणि एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी त्यावर काय करायचे?

आधी इतिहास पाहू. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला १८८१ साली बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करून तिला काळ्या पाण्याची सजा दिली गेली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. ताराबाईंनी विचारले, जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? विधवेला पुनर्विवाहाची बंदी घालणारे कोण आणि तिला फसवणारे कोण? पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पुस्तकाच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. टीका झाली, टवाळी झाली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही.

त्या वेळी त्यांच्या पाठीशी कोण उभे राहिले? जोतीराव फुले! १८८५ च्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी या पुस्तकाची बाजू घेतली आणि ते वाचण्याची शिफारस केली. माझ्या मते ताराबाईंच्या पुस्तकावरची ही पहिली खरी टीप. पुस्तक कोणते, कोणाच्या बाजूचे आणि का वाचावे, हे सारे तिच्यात आले.

नंतर साहित्याच्या प्रस्थापित इतिहासाने हे पुस्तक बाजूला टाकले. १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी फुल्यांचे समग्र वाङ्मय संपादित केले. त्याच मालशेंनी १९७५ साली 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा प्रकाशात आणली. मधे गेली ९३ वर्षे! १९९४ साली रोझलिंड ओहॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर आले आणि बुलढाण्याचे नाव जगभरच्या विद्यापीठांत पोहोचले.

मित्रांनो, यातूनच सटीप ग्रंथसूचीचे महत्त्व समजून घ्या. साध्या सूचीत लेखक, नाव, साल, प्रकाशक एवढेच असते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची प्रचंड सूची केली. तिचे ऋण मान्यच आहे. पण नुसती नोंद पुस्तकाची बाजू सांगत नाही. सटीप सूचीत प्रत्येक नोंदीखाली पाचसहा ओळी येतात. पुस्तकाचा मुद्दा काय, आधार कोणता, लेखक कुठे उभा राहून बोलतो, मर्यादा काय आणि माझ्या संशोधनाला उपयोग काय, हे त्या ओळींत सांगायचे असते.

हीच नोंद करून पाहा. "मराठीतील आद्य स्त्रीवादी पुस्तक" एवढेच लिहिले तर ते खोटे नाही, पण त्यातून सत्यशोधक चळवळ गायब होते. त्याऐवजी लिहा: 'बुलढाण्याच्या मराठा कुटुंबातील, सत्यशोधक विचारांच्या लेखिकेचे पुस्तक. विधवाबंदी आणि धर्मग्रंथांचा दुटप्पीपणा यांवर थेट हल्ला. आधार वर्तमानपत्रे, पुराणकथा आणि रोजचा अनुभव. फुल्यांच्या सत्सार अंक २ सोबत वाचावे. अस्पृश्य स्त्रीचे दुःख समजण्यास हे पुस्तक पुरेसे नाही. त्यासाठी १८५५ साली ज्ञानोदयात आलेला मुक्ता साळवे यांचा निबंध पाहावा. सक्तीचे वैधव्य आणि जात यांचा संबंध बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियातील जातिसंस्थेवरील निबंधात उलगडला. तोही जोडून वाचावा.'

पाहिलेत? चार लेखन एका धाग्यात आले. मुक्ता साळवे, जोतीराव, ताराबाई, बाबासाहेब ही आपली वंशावळ एका टिपेने उभी केली. ही टीप आपण लिहिली नाही तर दुसरे लिहितील, आणि तेच आपल्या पूर्वजांची ओळख ठरवतील.

काहीजण म्हणतील, ग्रंथसूची हे परीक्षेपुरते काम आहे, चळवळीला त्याचे काय? त्यांनी ९३ वर्षांचा हिशेब करावा. तेवढ्या काळात किती पिढ्यांच्या मुलींना ताराबाई वाचायला मिळाल्या नाहीत! पुस्तक जाळावेच लागते असे नाही. त्याचा उल्लेख बंद केला तरी पुरते.

म्हणून इंटरनेटवरची तयार यादी उचलून प्रबंधाच्या शेवटी चिकटवू नका. जे वाचले तेवढेच सूचीत घ्या आणि वाचले त्याच दिवशी टीप लिहा. स्तुती नको, तपासणी हवी. आपल्या माणसाच्या पुस्तकातली उणीवही लिहा, कारण चिकित्सा हाच बाबासाहेबांचा मार्ग आहे. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूरच्या वस्त्यांत जुन्या पेट्या उघडा. जलशाची पुस्तिका, जयंतीची स्मरणिका, परिषदेचे पत्रक सापडले तर साल, छापखाना, किंमत आणि ते कोणत्या गावात मिळाले हे टिपून ठेवा. मालकाची परवानगी घेऊन छायाचित्र काढा.

ताराबाईंच्या पुस्तकाला जोतीरावांची टीप मिळाली होती. बाकीच्यांना तुमची मिळाली पाहिजे.

जय जोती! जय भीम!